अण्णांच्या चार चिप आणि माझे सहा वेढे

कोल्हापुरात माणसं आधी ठरवतात आणि विचार मागाहून करतात. तो राहून गेलेला सगळा विचार आमच्या अण्णांनी एकट्यानं करून ठेवला होता. त्यांच्याइतका सावकाश ठरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आता पाहायची इच्छाही नाही. चप्पल घ्यायची तर प्रत्येक जोड पायात घालून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जाऊन परत यायचे. एकदा असे गेले आणि येईस्तोवर दुकानदार त्यांची जुनी चप्पल आत ठेवून, दार ओढून जेवायला घरी गेला. अण्णांनी नवी चप्पल काढून पायरीवर ठेवली आणि तापलेल्या फरशीवर तासभर अनवाणी उभे राहिले, कारण जी घ्यायची ठरली नाही ती पायात ठेवणं त्यांना पटेना. सिटी बस आली की ही सोडू, मागची मोकळी असेल, म्हणायचे. मागची आली की पहिलीच बरी होती असं वाटायचं, आणि शेवटी राजारामपुरीपर्यंत चालत यायचे. घर जैनांचं, त्यामुळं दिवस मावळल्यावर जेवत नसत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यास्नी दोन भाज्या इचारायच्या न्हाईत बगा. ठरवंपतूर दिवस मावळतोय. आठवड्यात दोन उपास व्रताचं आन दोन भाजी न ठरल्याचं."

घराणं गुळाच्या व्यापारातलं. थोरले बंधू मार्केट यार्डातल्या दुकानात बसायचे. ढेपेचा नुसता वास घेतला की भाव बोलून मोकळे. धाकट्या अण्णांनी मात्र डिप्लोमा केला आणि राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत पॉवर सप्लाय करायला बसले. गावोगावच्या दूध संस्थेत दुधात फॅट किती ते काढायचं मशीन असतं. त्याला घरातली वीज चालत नाही. बारा व्होल्टची, एकाच दिशेनं जाणारी मवाळ वीज लागते. ती करून देणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. डेअरीत फरशी ओली, कॅन ओले, बायकांचे हात ओले. म्हणून लाइनची वीज भिंतीच्या अलीकडं आणि माणूस पलीकडं ठेवायचा, मधून एकही तार जाऊ द्यायची नाही, ट्रान्सफॉर्मरमधून नुसता जोर पलीकडं पोचवायचा. अण्णांचा या गोष्टीवर फार जीव. "कुणाच्याबी बोटाला झिणझिणी आली तर त्ये पाप माझं," म्हणायचे. पाणी गाळून पिणाऱ्या घरातला माणूस, तसे हे वीज गाळून देतात, असं मी नवऱ्याला सांगायचे.

तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं काम माझं. अकरा वर्षं केलं. आतल्या बारीक तारांच्या गुंडाळ्या हातानं फिरवायच्या मशीनवर व्हायच्या, तिथं वेढे मोजायला आकड्यांचं चाक होतं. वरची जाड तार मात्र बोटांनीच ओढून बसवायची, सहा वेढे, आणि त्यावर पिवळी टेप. टेप बसली की आतलं कुणाला दिसत नाही. अण्णा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. मला माणसांसमोर बोलता येत नाही, आणि त्यांना त्याची अडचण वाटत नसे. ते विजेशी बोलत, मी तारेकडं बघत बसे, दोघांचं बरं चाललं होतं. बाकी कुणाच्या कामावर त्यांचा भरवसा नव्हता. बाजारातून आणलेला प्रत्येक स्क्रूसुद्धा मोजून घ्यायचे. माझा ट्रान्सफॉर्मर मात्र त्यांनी कधी मोजला नाही. "अक्काच्या हातनं आलंय, त्येला मीटर कशाला," म्हणायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं. दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या बाईला तेवढंही पुष्कळ असतं. हे बरं वाटणंच पुढं आम्हा दोघांना नडलं.

डब्याचं डोकं म्हणजे चिप. आठ पायांची, तुरीच्या दाण्याएवढी. किती जोर पलीकडं सोडायचा हे ती ठरवते. जुन्या डब्यात तिला पलीकडून निरोप यायचा. एका बारीकशा तुकड्यात दिवा असायचा, तो लुकलुकला की चिपनं समजायचं, बारा झाले, बास. पण चार-पाच वर्षांत तो दिवा मंद होतो, निरोप नीट पोचत नाही, आणि डबा परत येतो. परत आलेला प्रत्येक डबा अण्णा टेबलावर ओळीनं मांडून त्यांच्याकडं बघत बसायचे, चहासुद्धा प्यायचे नाहीत. मग त्यांना कळलं की आता अशा चिप निघाल्या आहेत ज्यांना निरोप लागतच नाही. एकदा त्यांनी मला समजावलं. "अक्का, लग्नाची पंगत बग. जुन्या पद्धतीत पंगतीतला माणूस वरडतोय, भात बास. नव्या पद्धतीत कुणी वरडायचं न्हाय. वाढप्याची बादली किती हलकी हून आली ह्येवरनं आचाऱ्यानं वळखायचं. पर बादली मापाची पायजे. बादलीच चुकली की आचाऱ्याला काय कळणार." मी मान हलवली. बादली म्हणजे माझा ट्रान्सफॉर्मर, हे मला कळलं होतं. आपल्याच हाताबद्दल बोलणं चाललंय म्हणून मी आणखी खाली बघितलं.

त्यानंतर दोन वर्षं चिप निवडणं चाललं. चार कंपन्यांच्या चार चिप मागवल्या, चार काडेपेट्यांत कापूस घालून ठेवल्या. मुलीला स्थळं बघावीत तसं वहीत प्रत्येकीबद्दल लिहायचे. मला अक्षर लागतं, म्हणून येता-जाता वाचायचे. एक थंडीत लवकर उठत नाही. दुसरी तापट आहे. तिसरी शांत आहे, पण कंपनी ती कधी बंद करेल याचा नेम नाही. चौथी सगळ्यात गुणी, पण पाय इतके जवळ की सोल्डरचा डाग देताना एकमेकांना चिकटतात. थोरल्यांना त्यांनी विचारलं, "तू ढेप कशी निवडतोस?" थोरले म्हणाले, "वास घिऊन." त्या दिवशी अण्णांनी दार लोटून घेतलं आणि चारही चिपचा वास घेतला. मी आतच होते हे ते विसरले होते. मला बघून म्हणाले, "कशालाच वास न्हाय," आणि फार निराश झाले.

मग दुधाची मशीनं विकणारे एक पावणं आले. मोठा आवाज, मोठं पोट, मनानं वाईट नाही. "अण्णा, डबा माघारी याय नको, येवढंच बगा. दिवाळीपतूर चालणारा नमुना द्या, म्होरली सगळी मशीनं तुमच्या डब्यावर." हे थोरल्यांच्या कानावर गेलं. ते खोलीच्या दारातच उभे राहून म्हणाले, "दिवाळीला न्हाय जमलं तर खोली मोकळी करायची. वरचा क्लासवाला खालीबी मागतोय. पोरं शिकतील तरी. तुझ्या चिपा काय शिकंनात." अण्णांनी मान डोलावली. कुणी वाद घातला नाही. त्यांना आयुष्यात एवढीच खोली हवी होती आणि मलाही तेवढीच, कारण जिथं मला बोलावं लागत नाही अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

अण्णांनी पहिली चिप बसवली. बारा यायला हवे होते, चौदा आले. दुसरी बसवली, चौदा. तिसरी, चौदा. चौथीचे पाय भिंगातून बघत, घाम पुसत बसवले, तरी चौदाच. सुरुवातीला ते मीटरवर रागावले आणि नवा मीटर आणला. त्यानंही चौदाच दाखवले. मग राजारामपुरीच्या लाइनवर संशय आला, म्हणून सगळा बोर्ड मांडीवर घेऊन बसनं हुपरीला गेले. तिथं त्यांच्या नात्यातल्या माणसाकडं पैंजणांचं काम चालायचं. तिथल्या बायका चांदीचे घुंगरू डागायचं काम थांबवून बघत बसल्या, आणि त्यांच्या देखत चौदा आले. रिकाम्या हातानं यायला नको म्हणून वहिनींना पैंजण घेऊन आले, तेही नंबर चुकून लहान. संध्याकाळी मला म्हणाले, "चार कंपन्यांच्या चार चिपा, आन चारीबी चौदाच सांगत्यात. म्हंजे चारी एकाच भट्टीत भाजल्यात. जगात नावं तेवढी येगळी हाईत अक्का, माल एकच." दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही कंपन्यांना पत्रं लिहिली, आणि कुणाला आधी टाकायचं हे न ठरल्यामुळं चारही टेबलावर राहिली.

दिवाळीला पंधरा दिवस असताना पावणं पुन्हा आले. मी माझ्या जागेवर वेढे घालत बसले होते. पावणं म्हणाले, "आवो पर चौदा येतंय कुठनं?"

"त्येच कळंना," अण्णा म्हणाले. "हिशोब सरळ हाय. एका वेढ्याला दोन व्होल्ट. वेढं सहा. बारा."

अकरा वर्षांत वेढे सहाच का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण बेचा पाढा कुणी विसरत नाही. बे सक बारा. बे साती चौदा. मी हातातला वेढा सोडला, मग त्याच्या आधीचा, असे एकेक मागं सोडत मोजले. सात होते.

शाहूवाडीकडं आमचं भाताचं रान. खळ्यावर रास झाली की वडील पहिलं माप देवाचं म्हणून बाजूला काढायचे. ते मोजायचं नाही; मोजणी त्याच्या पुढच्या मापापासून. आईसुद्धा तांदूळ वैरताना पहिली मूठ मोजत नसे. माझ्या हाताला हेच वळण. तार पकडून पहिला वेढा बसवला की तो देवाचा, पुढचा एक, त्याच्या पुढचा दोन. मी असं मनाशी ठरवून कधी केलं नाही, हात करत गेला. खळ्यावर देवाचं माप राशीतून बाहेर जातं. तारेवर ते कुठं जाणार, ते तिथंच राहिलं. अकरा वर्षं प्रत्येक डब्यात सातवा वेढा होता. जुन्या चिपला पलीकडून बास असा निरोप यायचा, म्हणून बादली मोठी असली तरी ती बारालाच थांबायची, आणि माझी चूक झाकून जायची. नव्या चिपनं बादलीवर भरवसा ठेवला आणि मला उघडं पाडलं.

मी बोलायला हवं होतं. पावणं होते म्हणून बोलले नाही. पावणं गेल्यावर अण्णा कपाळाला हात लावून बसले, तेव्हा त्यांना आणखी त्रास कशाला म्हणून बोलले नाही. संध्याकाळी वहिनी जेवायला हाक मारत होत्या म्हणून बोलले नाही. अशी कारणं हवी तेवढी मिळतात. खरं कारण एकच होतं, की अक्काच्या हाताला मीटर कशाला, हे मला पुन्हा ऐकायचं होतं. आणि राग अण्णांचाही आला. एवढ्या शिकलेल्या माणसानं दोन मीटर, चार कंपन्या आणि हुपरीपर्यंतची वीज तपासली, पण हाताच्या अंतरावर बसलेल्या बाईचं काम एकदा उलगडून बघितलं नाही. याला विश्वास म्हणतात हे मला कळतं. पण ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याकडं कुणी बघत नाही, हेही मला त्या खोलीतच कळलं.

मी गुपचूप दुरुस्त करायचं ठरवलं. नमुन्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर करायला अण्णांनी सांगितलं, तेव्हा मी पहिल्या वेढ्याला एक म्हणाले. सहा घातले, टेप लावली, तीन वेळा हात फिरवून बघितलं. आता बारा येतील, कुणाला काही कळणार नाही, खोली राहील. अण्णांनी सकाळी तो बोर्डावर बसवला. बाकी सगळं त्यांनी पुन्हा मोजलं, तो ट्रान्सफॉर्मर सोडून. तेवढ्यात पावणं मशीन घेऊन आलेच.

बटण दाबलं. मशीनवर एकदा आकडे उमटले आणि गेले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अण्णांनी मीटर लावला. दहा आणि वर थोडं.

पावणं म्हणाले, "परवा चौदा, आज धा. अण्णा, ह्यो डबा हाय का पावसाळ्यातलं हवामान?" त्यांनी चहा घेतला, मशीन गाडीत ठेवलं आणि दारातून वळून बोलले, "वाईट वाटून घिऊ नगा. पर मला संस्थेत चेअरमनला तोंड दावायचं आसतंय."

ते गेल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. एवढ्या वर्षांत ते माझ्या बाजूला येऊन कधी बसले नव्हते. म्हणाले, "अक्का, मी लबाडी केली. चौदा का येत्यात ह्ये कळलं न्हाई, तरी चिपजवळचा रेझिस्टन्स बदलून बळंच बारा आणलं. पोराच्या प्रगतिपुस्तकावर बापानंच मार्क वाढवल्यागत. ती लबाडी आज अंगावर आली." सात वेढ्यांवर त्यांनी चिपला खाली ओढून बारा जमवले होते, आणि इकडं मी एक वेढा काढून घेतला होता, म्हणून बाराचे दहा झाले. दोघांनी एकमेकांपासून लपवून एकच चूक दोन्हीकडून दुरुस्त केली होती. आणि मग त्यांनी जे अकरा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तो ट्रान्सफॉर्मर काढला, टेप सोडली आणि तार उलगडत मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "बरोबर सहा," म्हणाले. "तुझं काय चुकलं न्हाई अक्का. तुला उगाच वाटत बसंल म्हणून बघितलं."

तेव्हाही मी बोलले नाही.

दिवाळीनंतर खोलीत बाकं आली, भिंतीवर पांढरा फळा लागला. अण्णा थोरल्यांबरोबर दुकानात बसायला लागले. मी एका पंपाच्या वर्कशॉपमध्ये मोटारींच्या कॉइल भरते. तिथं अण्णांनीच माझं नाव सांगितलं होतं. काय सांगितलं असेल ते मला माहीत होतं, म्हणून पहिले आठ दिवस जेवण गेलं नाही.

संक्रांतीच्या आधी गूळ घ्यायचं निमित्त करून मी दुकानात गेले. वाटेत सगळं पाठ केलं होतं. थोरले आत फोनवर होते. अण्णा ढेपांच्या थप्पीजवळ उभे होते, जरा वाळले होते. मी बाकी काही न बोलता म्हणाले, "अण्णा, तुमच्या चिपा बरोबर हुत्या. माझं वेढं सात पडत हुतं."

"कवापासनं?" अण्णांनी विचारलं.

"पहिल्यापासनं."

"आन त्या दिवशी सहा कसं निघालं?"

"त्या दिवशी मी सहाच घातलं. तुम्हाला न सांगता."

अण्णांनी खिशातली पेन्सिल काढली, एक पावती पालथी केली आणि गुणाकार-भागाकार करायला लागले. एक बाई अर्धा किलो गूळ मागत होती, तिला हातानंच थांबा म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "धा आन वर थोडं," म्हणाले. "तेवढंच याय पायजे हुतं. बरोबर हाय. म्हंजे पहिलीच चिप बरोबर हुती की गं." मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. "उगाच चारी गरीब चिपास्नी खोटं ठरवलं मी," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "बस की अक्का, उभी का?" त्यांनी स्वतःचं स्टूल पुढं सरकवलं आणि पावतीवर ट्रान्सफॉर्मर काढून दाखवायला लागले, अलीकडची बाजू, पलीकडची बाजू, मधली भिंत. "ह्यो सातवा. हितनं दोन व्होल्ट जास्तीचं आलं. आता तू सांग, आठ घातलं आसतं तर किती?"

"सोळा," मी म्हणाले.

"बरोबर," अण्णा म्हणाले, आणि इतके खूश झाले की आतून थोरले फोन बाजूला धरून बघायला लागले.

मी गूळ घेऊन निघाले. आधी का सांगितलं नाहीस, असं त्यांनी एकदा विचारावं एवढ्यासाठी मी गेले होते. तीन महिने उत्तर जमवलं होतं, त्यात माझी चूक होती, त्यांची होती, आमच्या दोघांच्या न बोलण्याची होती. ते त्यांनी मागितलंच नाही. रस्त्याच्या पलीकडून मी वळून बघितलं, तर ती बाई अजून ताटकळत उभी होती आणि अण्णा तिलाही पावती दाखवून काहीतरी समजावत होते.